गोष्ट त्यांच्या हातात देऊन तर बघा!

जुना पुठ्ठा, वावभर कापड आणि कात्री. एवढ्यात घरच्या घरी फेल्ट बोर्ड तयार होतो. घरात भाचा-पुतणी असो, शेजारी चिमुरडं असो, की कॉलेजच्या उपक्रमात एखादी अंगणवाडी तुमच्या वाट्याला आलेली असो, एक सुट्टीची दुपार काढा आणि करून पाहा. मी केला. आधी बोर्ड फसला, मग मी फसले, आणि मग कुठे मजा आली.

घरात तीन-चार वर्षांचं पोर असेल तर हा सीन तुम्हाला नवा नाही. समोर वरण-भाताचं ताट, पाण्याच्या ग्लासाला टेकवलेला मोबाइल, त्यावर चाललेलं कार्टून आणि घास कधी तोंडात गेला हे ना खाणाऱ्याला कळतं, ना भरवणाऱ्याला. मोबाइल काढून घेतला की भोंगा सुरू.

खरं सांगते, आमच्या घरी भाच्याच्या हातात पहिल्यांदा मोबाइल मीच दिला. ताई नोकरीवर जायची, तो दिवसभर आमच्याकडे असायचा आणि मला कॉलेजचं प्रोजेक्ट संपवायचं होतं. 'दहाच मिनिटं' म्हणून दिला. दहाचे तास कधी झाले, ते प्रोजेक्ट संपल्यावर लक्षात आलं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्येच सांगून ठेवलंय की, दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त एक तास स्क्रीन, त्याहून कमी असेल तर उत्तम. हे मला माहीत होतं. अहो, मास कॉमच्या पेपरात लिहिलंसुद्धा होतं! पण घरात पोर रडत असताना पेपरातलं उत्तर कोणाला आठवतं?

ताई मला काही बोलली नाही. तेच जास्त लागलं. म्हणून या उन्हाळ्यात ठरवलं, याच्या हाताला काहीतरी वेगळं द्यायचं. डी.एल.एड. करणारी एक मैत्रीण म्हणाली, "फेल्ट बोर्ड बनव ना." डी.एड.च्या जुन्या विद्यार्थ्यांना हाच बोर्ड 'फ्लॅनेल बोर्ड' किंवा 'खादी बोर्ड' या नावानं आठवत असेल. पाठाच्या आदल्या रात्री जागून बनवायचा तोच तो!

गोंद नाही, चुंबक नाही, तरी चिकटतं कसं?

आधी हे समजून घेऊ, कारण बोर्ड फसतो तो इथेच. साधं सुती कापड म्हणजे उभ्या-आडव्या धाग्यांची वीण. फेल्ट विणलेलंच नसतं. लोकरीचे किंवा कृत्रिम तंतू एकमेकांत गुंतवून, दाबून त्याचा थर तयार करतात. लोकरीच्या प्रत्येक तंतूवर बारीक खवले असतात. उष्णता, ओलावा आणि दाब मिळाला की ते एकमेकांत अडकतात आणि सुटत नाहीत. काश्मीरचा नमदा याच पद्धतीनं होतो. स्टेशनरीच्या दुकानात मिळणाऱ्या रंगीत फेल्ट शीट मात्र बहुतेक कृत्रिम तंतूंच्या असतात. आपल्या कामाला त्या चालतात.

फेल्टवर फेल्टचा तुकडा दाबला की दोन्हींकडची तंतूंची टोकं एकमेकांत अडकतात. पकड हलकी असते. लहान मुलाच्या बोटांनी सहज निघेल एवढी, पण आपोआप पडणार नाही एवढी. फ्लॅनेल हे विणलेलंच कापड, पण वरून घासून त्याची लव काढलेली असते, म्हणून तेही चालतं. जाडीभरडी खादी, जुनं ब्लँकेट, आजोबांची घोंगडी, जे हाताला खरखरीत किंवा लवदार लागेल ते सगळं चालतं. रेशमी, सॅटिन, टेरिकॉट या गुळगुळीत मंडळींनी मात्र घरीच थांबावं.

आणखी एक गंमत. फेल्ट विणलेलं नसल्यामुळे कापलं तरी कडेचे धागे सुटत नाहीत. म्हणजे शिलाई नाही, काठ दुमडणं नाही. शाळेत एसयूपीडब्ल्यूच्या तासाला ज्यांचा टाका कधी सरळ पडला नाही (हात वर!), त्यांनाही हे जमतं.

पहिला बोर्ड पडला तो असा

गांधीबागेत कापड आणायला गेले. फेल्ट म्हटल्यावर काकांनी आधी मखमल काढली, मग वेल्वेट. शेवटी मी मोबाइलवर फोटो दाखवला तेव्हा म्हणाले, "हे होय! हे तर राखीवाले नेतात ना!" आकाशी रंगाचं कापड घेतलं, इतवारीतून रंगीत शीटचं पाकीट घेतलं. पुठ्ठा घरचाच, नव्या कूलरच्या खोक्याचा. सगळं मिळून दोनशेच्या आत काम झालं.

घरी आले आणि पहिली चूक केली. पुठ्ठ्यावर भसाभस गोंद ओतला आणि त्यावर कापड चिकटवलं. गोंद कापडातून वर आला, वाळला आणि मधोमध हाताएवढा टणक, चकचकीत डाग पडला. तिथली लवच मेली. त्या जागेवर काही म्हणता काही टिकेना.

दुसरी चूक, बोर्ड भिंतीला अगदी सरळ उभा ठेवला. तुकडे टपाटप खाली. बोर्ड थोडा मागे कलता हवा, चित्रकाराच्या घोडीवर चित्र ठेवतात तसा. तिसरी चूक अस्सल नागपुरी. मे महिन्यातल्या दुपारी बोर्ड मांडला कुठे? कूलरच्या समोर! एका झोतात चिमणी, कावळा, झाड सगळे दिवाणाखाली. भाचा खदखदून हसला. त्या दिवशीचा सगळ्यात यशस्वी खेळ तोच होता.

दुसऱ्यांदा कापड ताणून पुठ्ठ्याच्या मागे दुमडलं आणि फक्त मागच्या बाजूनं चिकटपट्टी लावली. पुढून गोंदाचा थेंबही नाही. हा बोर्ड टिकला.

मग मी फसले

गोष्ट निवडली चिऊ-काऊची. मेणाचं घर, शेणाचं घर, पाऊस, दार. बोर्डासाठी यापेक्षा सोपी गोष्ट नाही. आवाज बदलून सांगायची मी तयारीही केली होती. पाऊस आला, शेणाचं घर मी बोर्डावरून काढून घेतलं, कावळा दारात आला. गोष्टीत पुढे काय होतं ते आपल्या सगळ्यांना पाठ आहे. चिमणी दार उघडतच नाही, रोज नवं कारण सांगते.

इथे भाच्यानं हात पुढे केला, कावळा उचलला आणि थेट मेणाच्या घरावर दाबला.

"अरे, अजून नाही! अजून तिनं दार नाही ना उघडलं!" मी कावळा परत बाहेर ठेवला.

त्यानं परत आत नेला. "तो ओला झाला ना, मावशी."

मी पुन्हा बाहेर काढला. 'आधी चिऊ काय म्हणते ते ऐक तर' वगैरे समजावलं. तो उठला आणि शांतपणे विचारलं, "मोबाइल दे ना."

एवढी मेहनत करून मी काय बनवलं होतं? कापडाचा टीव्ही! गोष्ट माझी, क्रम माझा, तुकडे माझ्या हातात. त्यानं फक्त बघायचं. मग मोबाइल काय वाईट? त्यात निदान रंग जास्त आहेत.

'त्यांले लावू कधी देशीन?'

याच सुमारास एका स्टोरीसाठी दक्षिण नागपुरातल्या एका अंगणवाडीत गेले होते. तिथल्या सेविका काकूंना या कामात वीसेक वर्षं झालीत. भिंतीवर रंगीत छापील तक्ते होते, पण अगदी वर, फाटू नयेत म्हणून. कोणत्याच पोराचा हात तिथे पोचत नव्हता. काकूंचा खरा खजिना कपाटामागे होता. पुठ्ठ्यावर ताणून बसवलेलं जुनं तपकिरी ब्लँकेट आणि मिठाईच्या डब्यात कापलेली चित्रं. चित्रं कुठली, तर लग्नपत्रिकांवरची, साबणाच्या वेष्टनांवरची, जुन्या पुस्तकांतली. प्रत्येकाच्या पाठीला सुतार वापरतात त्या पॉलिश पेपरचा तुकडा चिकटवलेला. त्याची खरखर ब्लँकेटच्या लवेत धरते. फेल्टचा एक तुकडाही विकत न घेता केलेला फेल्ट बोर्ड!

मी त्यांना माझा चिऊ-काऊचा किस्सा सांगितला. त्या हसल्या. "बेटा, तू सांगतच राहते. त्यांले लावू कधी देशीन? पोट्टे ऐकाले नाही येत, लावाले येतात."

मग त्यांनी दाखवलं. बोर्ड जमिनीवर, पोरांच्या उंचीला. डब्यातली सातच चित्रं बाहेर, बाकी आत. काकू म्हणाल्या, "आज जंगलात काय झालं?" आणि गप्प बसल्या. खरंच गप्प. एका पोरानं वाघ लावला. दुसरी म्हणाली, "शेर है." तिसरं म्हणालं, "बाघ." या वस्तीत कुणाच्या घरी वऱ्हाडी बोलतात, कुणाच्या घरी हिंदी, कुणाच्या घरी छत्तीसगढी. काकूंनी कुणालाच चूक म्हटलं नाही. "हो, वाघ. बाघ बी तोच. आता तो कुठं चालला?" वाघ नदीवर पाणी प्यायला गेला. मग त्याच्यावर कुणीतरी छत्री ठेवली. का, ते कुणी विचारलं नाही. वाघाला छत्री मिळाली आणि गोष्ट पुढे सरकली.

तीन वर्षांच्या मुलाला वाघ काढता येत नाही, लिहिता येत नाही, सलग दहा वाक्यं जोडून सांगताही येत नाही. पण वाघ *ठेवता* येतो. नदीच्या अलीकडे, पलीकडे, झाडामागे, घरात. चुकलं तर खोडायची भानगड नाही, उचलायचं आणि दुसरीकडे लावायचं. हात हलतो तसं तोंड सुरू होतं. अलीकडे, पलीकडे, वर, खाली, आत, मागे हे शब्द पाठ करावे लागत नाहीत, कारण ते समोर दिसत असतात. हे बघताना बोर्ड कशासाठी असतो ते मला कळलं.

हे आपल्याकडे नवं नाही

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं परदेशी फॅड आहे. तर थोडं मागे जाऊ, तेही विदर्भातूनच. ताराबाई मोडक लग्नानंतर काही वर्षं अमरावतीत राहिल्या होत्या. पुढे गुजरातेत भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासोबत त्यांनी बालशिक्षणाचं काम सुरू केलं. १९२६ साली दोघांनी नूतन बालशिक्षण संघ काढला. मारिया माँटेसरींची पद्धत त्यांना पटली होती, पण ती महागडी साधनं खेड्यात कुठून आणणार? १९४५ मध्ये बोर्डीला गेल्यावर ताराबाईंनी आणि अनुताई वाघ यांनी यावर उत्तर शोधलं. शिंपले, बिया, खडे, पानं, फुलं, म्हणजे मुलांच्या आजूबाजूला जे पडलेलं आहे तेच साधन. पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी त्यांनी हेच केलं. मुलं शाळेत येत नाहीत? मग शाळा त्यांच्या अंगणात न्या. 'अंगणवाडी' हा शब्द त्यातूनच आला. देशात एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली, आणि आज गावोगावी दिसणाऱ्या अंगणवाड्यांना हेच नाव मिळालं.

इकडे नागपूरपासून दोन तासांवर सेवाग्रामला 'नई तालीम'चा प्रयोग चालू होता. १९३७ च्या वर्धा परिषदेतून निघालेला त्याचा गाभा एका ओळीत सांगायचा तर, हातानं काम करत शिकायचं. काकूंचं ब्लँकेट या सगळ्यांच्या घरातलंच वाटतं ना?

बोर्डावर आपलं नागपूर येऊ द्या

ऑनलाइन तयार सेट मिळतात. छान असतात. पण त्यात लाल कौलांचं फार्महाऊस, बर्फाचा माणूस आणि ए-बी-सी-डी. आपल्या पोरानं बर्फ पाहिलाय तो फ्रीजमध्ये! घरी बनवायचा खरा फायदा हा की, मुलाच्या डोळ्यांसमोरचं जग बोर्डावर येतं.

आम्ही केशरी आणि निळ्या रंगाच्या दोन लांब पट्ट्या कापल्या. ऑरेंज लाइन उभी, अ‍ॅक्वा लाइन आडवी, दोन्ही एकमेकींना छेदतात ते सीताबर्डी. भाच्याची मेट्रो तासभर धावली. तिनं आजीच्या घरी, ताईच्या ऑफिसात आणि महाराजबागेत माकडापाशी असे तीन थांबे घेतले. तान्ह्या पोळ्यासाठी चाकांचा बैल कापा आणि झूल, बाशिंग, घुंगरमाळ वेगवेगळी ठेवा. फेल्टवर फेल्ट चिकटतंच, म्हणून बैल सजवता येतो. संत्र्यांची टोपली केली तर मोजणं आलं. 'म्हातारी आणि भोपळा' तर या बोर्डासाठीच जन्मलेली गोष्ट. भोपळा मोठा कापा, म्हातारी त्याच्यामागे लपवा. ती खरंच दिसेनाशी होते!

पाच-सहा वर्षांच्या मुलांसाठी एक खास मराठी खेळ. 'म' आणि 'ळ' ही दोन अक्षरं आणि एक सुटा काना कापा. बोर्डावर 'मळ' लावा. काना 'म'ला लावला की 'माळ'. तोच काना उचलून 'ळ'ला लावला की 'मळा'. एका काठीनं शब्द बदलतो हे पोरांना जादूसारखं वाटतं. काना-मात्रा शिकवायला वहीपेक्षा हे बरं, कारण इथे काना खरोखर हातात येतो.

आता खरं खरं

बोर्ड आला आणि मोबाइल गेला, असं काही झालेलं नाही. भाचा अजून मोबाइल मागतो. जेवताना तर हमखास. बोर्डावर तो कधी अर्धा तास रमतो, कधी पाच मिनिटांत तुकडे डब्यात कोंबून सायकलवर बसतो. आणि बोर्ड स्वतःहून चालत नाही. सुरुवातीला तरी कुणीतरी शेजारी बसावं लागतं, आपला मोबाइल बाजूला ठेवून. हे मला जास्त जड गेलं.

पण चिऊ-काऊ आम्ही पुन्हा मांडलं. या वेळी मी फक्त विचारलं, "पाऊस आला. आता?" त्यानं कावळा उचलून मेणाच्या घरात ठेवला. मग चिमणी उचलली आणि बोर्डाच्या दुसऱ्या टोकाला नेली. "ती ऑफिसला गेली. संध्याकाळी येते. तोवर कावळा थांबतो."

मी काही बोलले नाही. संध्याकाळी ताई आली तेव्हा तिला बोर्ड तसाच दाखवला, कावळा घरात, चिमणी ऑफिसात. ती पर्ससकट जमिनीवर बसली आणि चिमणी उचलून घरात ठेवली. भाचा म्हणाला, "आता दार लाव."

असा बनवा बोर्ड

• पाया : कूलर-फ्रीजच्या खोक्याचा जाड पुठ्ठा, जुनं परीक्षेचं पॅड किंवा प्लायचा तुकडा. एका मुलासाठी दीड फूट बाय एक फूट, पाच-सहा मुलांसाठी साधारण दुप्पट.

• कापड : फेल्ट, फ्लॅनेल, खादी किंवा जुनं ब्लँकेट. रंग एकच, नक्षी नको. चारही बाजूंनी दोन-दोन इंच जास्त ठेवा.

• बसवणं : कापड ताणून मागे दुमडा, मागच्या बाजूनं चिकटपट्टी किंवा गोंद लावा. पुढून गोंद अजिबात नको.

• तुकडे : आधी कागदावर आकार काढा, तो फेल्टवर ठेवून शिंप्याच्या खडूनं गिरवा, मग कापा. आकार तळहाताएवढे. कागदी चित्र असेल तर पाठीला पॉलिश पेपर लावा.

• सुरक्षितता : तीन वर्षांखालील मुलं सगळं तोंडात घालतात. म्हणून मुठीत लपतील एवढे छोटे तुकडे नकोत. बटणाचे डोळे, मोती, टिकल्या, चमकी, टाचण्या तर नकोच. डोळे फेल्टपेनानं काढा. कापणं आपण करायचं, लावणं मुलांनी.

• मांडणी : बोर्ड मुलाच्या उंचीला, थोडा मागे कललेला. पंखा आणि कूलरपासून दूर. एका वेळी सहा ते दहा तुकडे पुरे, बाकीचे डब्यात.

• काळजी : धूळ बसली की पकड सुटते. मऊ ब्रशनं झटका. तुकडे थंड पाण्यात हलक्या हातानं धुवा. लोकरीचं फेल्ट गरम पाण्यात टाकाल तर आकसेल.

• सगळ्यात महत्त्वाचं : 'आता काय झालं?' एवढं विचारा आणि गप्प बसा. वाघाला छत्री मिळाली तरी.